नोकरीचा तिसरा महिना

विशेष शाळेच्या उद्योग विभागात मी बावीस वर्षे शिकवले. निवृत्त झाल्यापासून बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुण-तरुणींना पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत, दुकानांत आणि उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत कामाला लावणे आणि लागलेले काम टिकवणे, हे माझे काम आहे. आमच्या क्षेत्रात यासाठी ‘जॉब कोच’ हाच शब्द रूढ झाला आहे. पालक मात्र मला ‘कामावरच्या बाई’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मी अजूनही बाईच आहे, फक्त माझा वर्ग बदलला आहे.

‘लावणे’ आणि ‘टिकवणे’ या दोन क्रियापदांपैकी पहिल्याचेच कौतुक होते. नोकरी लागली की पेढे वाटले जातात, संस्थेच्या अहवालात फोटो छापून येतो, कंपनीच्या भिंतीवरही तो लागतो. तिसऱ्या महिन्यात मुलगा घरी बसलेला असतो, तेव्हा कोणी फोटो काढायला येत नाही, आणि बहुतेक वेळा तो घरी बसला आहे हे त्याच्या आईखेरीज कोणाला ठाऊकही नसते. हा लेख त्या तिसऱ्या महिन्याविषयी आहे.

मसाल्यांची पाकिटे भरणाऱ्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षांच्या एका मुलाला लावले होते. काम असे, की पट्ट्यावरून येणारी पाकिटे उचलायची, एका खोक्यात चोवीस भरायची, खोके चिकटपट्टीने बंद करायचे आणि पुढे ढकलायचे. त्याला दहापर्यंत मोजता येत असे, त्यापुढे आकडे घसरत. पर्यवेक्षकांचे म्हणणे रास्त होते, की खोक्यात तेवीस पाकिटे गेली तर दुकानदार तक्रार करतो आणि पंचवीस गेली तर मालकाचे नुकसान होते. मी दोन दिवस त्या पट्ट्यापाशी स्वतः उभी राहून काम केले, कामाची फोड करून ती वहीत लिहून काढली, आणि तिसऱ्या दिवशी सुताराकडून सहा बाय चार खणांचा एक लाकडी ट्रे करून आणला. प्रत्येक खणात एक पाकीट ठेवायचे. रिकामा खण दिसेनासा झाला, की ट्रे खोक्यात उलटा करायचा. मोजणे हा प्रकारच कामातून गेला. पंधरा दिवसांनी शेजारच्या पट्ट्यावरच्या, दहावी झालेल्या बायकांनीही तसेच ट्रे मागून घेतले, कारण बोलता बोलता मोजणी चुकण्याची भीती त्यांनाही होतीच.

पहिले दोन महिने उत्तम गेले. तिसऱ्या महिन्यात त्याने कामावर येणे सोडले, आणि त्याचे कारण शेवटी निघाले ते बसमध्ये. कारखान्यात पाळ्या बदलल्या आणि इतरांबरोबर त्यालाही दुपारी तीन ते रात्री अकराची पाळी लागली. घरापासून कारखान्यापर्यंत जाणारी एकच बस मी त्याला शिकवली होती, सलग नऊ दिवस त्याच्याबरोबर प्रवास करून: थांब्यामागचे मारुतीचे देऊळ, बसवरचा क्रमांक, उतरण्याआधी दिसणारा पेट्रोल पंप. रात्री अकरा वाजता ती बस नसते, आणि पेट्रोल पंप अंधारात ओळखू येत नाही. पहिल्या रात्री तो दीड वाजता घरी पोहोचला, कसा ते त्याला सांगता आले नाही. आईने दुसऱ्या दिवशी त्याला पाठवले नाही, तिसऱ्या दिवशीही पाठवले नाही, आणि चौथ्या दिवशी ‘न कळवता गैरहजर’ म्हणून त्याचे नाव हजेरीपटातून गेले. मला हे आठ दिवसांनी कळले, तेही आई दुसऱ्याच कामासाठी शाळेत आली होती म्हणून.

यात कोणीही दुष्ट नव्हते. पर्यवेक्षकांना वाटले, मुलाला काम जड गेले असावे. आईला वाटले, एकदा दिलेली पाळी बदलून मागणे म्हणजे उपकाराची परतफेड तक्रारीने करणे. आणि मी, जिने कामाची फोड अठरा पायऱ्यांत केली होती, तिने पाळी बदलू शकते ही एकोणिसावी गोष्ट लिहिलीच नव्हती. ‘याला कायम पहिली पाळी द्यावी’ अशी एक ओळ हजेरीपटाच्या वर लिहून ठेवली असती, तर ही नोकरी सुटली नसती. पुढे ती ओळ लिहून घेतली आणि मुलगा परत कामावर गेला. परंतु ती कोणाकडून लिहून घ्यायची, हे शोधण्यातच तीन आठवडे गेले. ट्रे ज्यांनी आनंदाने स्वीकारला ते कारखान्याचे पर्यवेक्षक होते, पगार मात्र मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून होत असे, आणि दिव्यांग मुलगा कामावर असल्याचे ठेकेदाराला ठाऊकच नव्हते. ठेका बदलला की नवा माणूस येतो आणि त्या मुलाविषयीचे सर्व ज्ञान जुन्याबरोबर निघून जाते. म्हणून आता मी प्रत्येक मुलामागे एक पान तयार करते: त्याला काय जमते, काय जमत नाही, कोणती पाळी, कोणती बस, बिथरला तर काय करावे, फोन कोणाला करावा. हे पान कारखान्याकडे, ठेकेदाराकडे आणि घरी अशा तीन ठिकाणी असते.

आमच्या शाळांचा जुना मार्ग वेगळा होता, आणि त्यावर मी स्वतः वीस वर्षे चालले असल्यामुळे त्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे असे वाटते. आधी शिकवायचे, मग लावायचे. मुलाला पणत्या रंगवायला, उटण्याची पाकिटे भरायला, कागदी पिशव्या चिकटवायला, राख्या गुंफायला शिकवायचे, आणि तो ‘तयार’ झाला की बाहेर पाठवायचे. तयार होण्याचा दिवस काही उजाडत नसे. माझ्या वर्गात असा एक गृहस्थ होता, ज्याने सलग सोळा दिवाळ्या पणत्या रंगवल्या. पणत्यांना मी नावे ठेवत नाही. घरी कोंडून बसण्यापेक्षा त्या कितीतरी चांगल्या, आणि काहींच्या बाबतीत संरक्षित कार्यशाळा, म्हणजे खास दिव्यांगांसाठी चालवलेली कामाची जागा, हीच योग्य असते. तरीही पणती रंगवण्याचे कौशल्य मसाल्याच्या कारखान्यात उपयोगी पडत नाही, कारण बौद्धिक दिव्यांगत्वात एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी लावणे हेच नेमके अवघड असते. वर्गातल्या खोट्या थांब्यावर बस पकडायला शिकलेल्या मुलाला खऱ्या थांब्यावरची बस मिळत नाही.

उलट पद्धत, म्हणजे आधी कामावर लावायचे आणि मग त्याच जागी शिकवायचे, ही अमेरिकेत घडत गेली. मार्क गोल्ड या संशोधकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की ज्यांना कोणतेही काम शिकवता येणार नाही असे मानले जात होते, अशी तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेली माणसे सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग अचूक जोडू शकतात. शिकवणाऱ्याने कामाची नीट फोड केली पाहिजे आणि एक रीत जमली नाही तर दोष विद्यार्थ्याला न देता रीत बदलली पाहिजे. तिथल्या पुनर्वसन कायद्यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने या ‘आधाराच्या नोकरी’ला सरकारी मान्यता आणि निधी मिळाला. पुढे १९९०च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी हाच विचार पुढे नेला, आणि त्यांचा नियम साधा होता: ज्याला काम करायचे आहे त्याला ‘तू अजून बरा झाला नाहीस’ म्हणून थांबवायचे नाही. आपल्याकडे हा नियम मांडला, की अजूनही भुवया उंचावतात.

या पद्धतीतला सर्वांत कठीण भाग शिकवण्याचा नसून अंग काढून घेण्याचा आहे. पहिल्या आठवड्यात मी दिवसभर शेजारी असते. दुसऱ्यात चार हात दूर. तिसऱ्यात उपाहारगृहात जाऊन बसते. मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. मी जितकी मागे सरकते तितके पुढे कोणीतरी यावे लागते, आणि ते ‘कोणीतरी’ कागदावर नेमता येत नाही. मसाल्याच्या कारखान्यात ते काम खोकी वाहणाऱ्या एका काकांनी आपणहून घेतले. मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खात असे. काकांनी पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसून नुसता चहा घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यातली भाजी मागितली. भाजी मागण्याचा परिणाम असा, की मुलगा आईला रोज थोडी जास्त भाजी द्यायला सांगू लागला. मी अनेक प्रशिक्षण शिबिरांत सहकाऱ्यांच्या संवेदनशीलतेवर व्याख्याने दिली आहेत. त्या भाजीइतका परिणाम एकाही व्याख्यानाचा झाल्याचे मला आठवत नाही.

घरचा प्रश्न याहून नाजूक असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग व्यक्तीच्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. मुलाला महिना अकरा हजार मिळू लागले, की पाचव्याच महिन्यात ती ओलांडली जाते. अनुदान थोडे असले तरी ते खात्रीचे असते. नोकरी मोठी असली तरी ती मुलाची पहिलीच असते आणि ती टिकेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. नोकरी सुटली तर अनुदानासाठी पुन्हा तहसील कार्यालय, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा महिनोन्‌महिने वाट पाहणे. मग आई हिशोब करते आणि मुलाला घरी बसवते. आम्ही तिला मागासलेली म्हणतो. तिचा हिशोब मात्र चोख असतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या घरांत हीच भीती कुटुंब निवृत्तिवेतनाची असते, कारण दिव्यांग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकते, पण अपत्य कमावते झाले तर काय, हा प्रश्न आई-वडिलांच्या मनातून जात नाही. २०२१ साली केंद्राने अशा अपत्याच्या उत्पन्नाची मर्यादा सैल केली: पूर्वी ती दरमहा ९,००० रुपये आणि महागाई दिलासा इतकीच होती, आता इतर उत्पन्न मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई दिलासा यांच्या आत असले तर निवृत्तिवेतन चालू राहते. असा बदल झाल्याचे मी गेल्या वर्षी एका निवृत्त पोस्टमास्तरांना सांगितले, तेव्हा त्यांनी आदेशाची प्रत मागितली, ती दोनदा वाचली, आणि मगच मुलीला एका बेकरीत पाठवायला होकार दिला.

कायद्याचे बोलायचे तर तो वाईट नाही. १९९५च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला, दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले आणि आरक्षण ४ टक्के. त्यातला शेवटचा १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यात मिळून आहे, त्यामुळे माझ्या मुलांच्या वाट्याला सरकारी खुर्ची क्वचितच येते. खासगी क्षेत्रावर सक्ती नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, इतकेच कायदा म्हणतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी समान संधीचे धोरण तपशिलाने लिहिले पाहिजे, त्यात द्यावयाच्या सोयी नोंदवल्या पाहिजेत आणि एक संपर्क अधिकारी नेमला पाहिजे, असे २०१७च्या नियमांत आहे. मी हे धोरण जिथे जाते तिथे मागते. काही ठिकाणी ते खरोखर असते. एका ठिकाणी मला दिलेल्या कागदावर दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेले होते.

हाती असलेली नोकरी टिकवण्याबाबत या कायद्यातले विसावे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढायचे नाही, त्याचा दर्जा घटवायचा नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यायचे, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर ठेवायचे. जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती, आणि पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ती ठामपणे लागू केली. तरीही अपघातानंतर ‘स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करा, पैसे लवकर मिळतील’ असा प्रेमळ सल्ला देणारे वरिष्ठ आजही भेटतात. असा सल्ला मिळाला, तर सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे, एवढेच मी प्रत्येकाला सांगते. खासगी नोकरीत हे संरक्षण असे थेट मिळत नाही, ही मोठीच उणीव आहे.

माझे एक अंध स्नेही एका निमसरकारी कार्यालयात लिपिक आहेत. त्यांचे उदाहरण इथे देते, कारण नोकरी कायम असूनही ती हातातून कशी निसटते हे त्यातून दिसते. ते संगणकावर एनव्हीडीए हे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे, सॉफ्टवेअर वापरतात. ते मोफत आहे आणि मराठीही वाचते. परंतु त्यांच्या कार्यालयातील परिपत्रके वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत होती. डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसतात. आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात, आणि पडदावाचक तीच वाचतो. ‘विषय : वार्षिक वेतनवाढ’ याच्या जागी कानावर निरर्थक बडबड येते. युनिकोडमध्ये टंकलेखन सुरू झाल्यावर प्रगती झाली ती अशी, की सही-शिक्क्यासाठी कागद छापून, त्याचे छायाचित्र काढून तेच सर्वांना पाठवले जाऊ लागले. छायाचित्रापुढे पडदावाचक गप्प बसतो. मग शेजारचा सहकारी वाचून दाखवणार, त्याला वेळ असेल तेव्हा. त्यामुळे यांचे काम मागे पडणार. आणि गोपनीय अहवालात ‘कामाचा वेग कमी’ अशी नोंद होणार. त्यांनी केलेली मागणी इतकीच होती, की छायाचित्राबरोबर मूळ फाइलही पाठवावी. यास खर्च शून्य रुपये होता. मान्य व्हायला चौदा महिने लागले.

कायद्यात ज्याला वाजवी सोय म्हटले आहे, ती बहुतेक वेळा अशीच असते: मूळ फाइल, लाकडी ट्रे, कायमची पहिली पाळी. औषधांमुळे सकाळी डोके जड असणाऱ्या मुलीला नवाऐवजी अकराला बोलावणे. शिवणयंत्रांच्या दालनात बहिऱ्या कामगारांसाठी धोक्याच्या घंटेबरोबर दिवाही लावणे, आणि त्यांना सूचना देताना ‘लिहून पाठवले म्हणजे कळले’ असे गृहीत न धरणे, कारण ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे त्यांच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी, शाळेत कष्टाने शिकलेली भाषा असते. मालक मात्र ‘सोय’ हा शब्द ऐकताच लिफ्ट आणि उतार यांचा खर्च मोजू लागतात. उतारही हवेतच, त्यात वाद नाही. पण माझ्या वहीतल्या नोंदी पाहिल्या तर सुटलेल्या नोकऱ्यांपैकी बऱ्याच एका फोनने वाचल्या असत्या.

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक, आणि देशभरात त्यांपैकी ३६ टक्के काम करत होत्या. स्त्रियांमध्ये हे प्रमाण २३ टक्केच होते. त्यात वर्षातले काही महिनेच शेतावर राबणारेही आले. लागलेली नोकरी कितव्या महिन्यात सुटली, हे या आकड्यांतून कळत नाही. संस्थांचे अहवालही ‘या वर्षी इतक्यांना रोजगार’ इथेच थांबतात, आणि निधी देणारेही त्यापुढचे विचारत नाहीत. माझ्या आग्रहावरून आमच्या संस्थेने तीन वर्षांपूर्वी अहवालात नवा रकाना सुरू केला: एक वर्षानंतरही त्याच कामावर असलेले. पहिल्या वर्षी तो रकाना भरताना आमच्या विश्वस्तांचे चेहरे उतरले होते, आणि तो काढून टाकावा असा ठरावही चर्चेला आला होता. रकाना राहिला.

मसाल्याच्या कारखान्यातला तो मुलगा आता चौथ्या वर्षात आहे. त्याच्या पगारातून त्याने आईसाठी मिक्सर घेतला, आणि तो बिघडला तेव्हा दुरुस्तीचे पैसेही त्यानेच दिले, हे ती मला प्रत्येक भेटीत सांगते. दरम्यान ठेकेदार दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा मी ते पान घेऊन गेले. येत्या मार्चमध्ये खोकी वाहणारे काका निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोण येणार हे अजून ठरलेले नाही, परंतु मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या शेजारी कोण बसणार हा प्रश्न काकांनी स्वतःच मला फोन करून विचारला. तेव्हा सोमवारपासून आठवडाभर मी पुन्हा त्या उपाहारगृहात डबा घेऊन बसणार आहे.